उचल आणि उसंत

कामाची वेळ संपल्यानंतर आलेला वरिष्ठांचा फोन न उचलण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला कायद्याने मिळावा, असे विधेयक लोकसभेत मांडले गेले ते डिसेंबर २०१८ मध्ये. मांडणाऱ्या खासदार सुप्रिया सुळे, म्हणजे आमच्याच बारामती मतदारसंघाच्या. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके कायद्याच्या रूपाला पोचली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. तेव्हा याही विधेयकाचे भवितव्य सांगायला ज्योतिषी नको. तरी ते मांडले गेले, त्यावर बोलले गेले, हे चांगलेच झाले. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून या स्वरूपाचा अधिकार मान्य केला आहे. आपण मागे का राहावे?

माझे भांडण विधेयकाशी नाही. त्याभोवती जी चर्चा झडते तिच्याशी आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, व्यवस्थापनशास्त्राच्या कार्यशाळा, आमच्या महाविद्यालयांत 'रोजगार मार्गदर्शना'साठी येणारे टायवाले पाहुणे, ही सारी मंडळी कामाच्या भवितव्याबद्दल एका सुरात बोलतात. नव्या पिढीला म्हणे अर्थपूर्ण काम हवे आहे, लवचीक वेळ हवी आहे, घरून काम करण्याची मुभा हवी आहे, चार दिवसांचा आठवडा हवा आहे. या चर्चेतला 'कर्मचारी' कोण आहे हे एकदा नीट पाहावे. त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र आहे. त्याला मेज आहे, वरिष्ठ आहे, संगणक आहे. त्याचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर छापलेले आहे. ज्याच्या कामाला अशी 'वेळ' आहे, त्याच्याच बाबतीत ती वेळ संपल्यानंतरचा विचार संभवतो. ज्याच्या कामाला वेळच नाही त्याचे काय? तो या चर्चेत दूरवर पार्श्वभूमीलाही दिसत नाही.

नीरा-बारामती रस्त्यावरच्या आमच्या वडगाव निंबाळकरात मात्र तो ऐन पुढ्यात दिसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला हा मुलूख. एका अंगाला सोमेश्वर कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगाव. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या उतरतात, कालव्याच्या कडेला, पडीक तुकड्यांत कोप्या उभ्या राहतात, आणि चैत्राच्या आगेमागे त्या मोडतात. याच गावांतली बागायतदारांची मुले हिंजवडीला, खराडीला संगणकाच्या कंपन्यांत आहेत, काही बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या खाती आहेत. एखाद्या शनिवारी रात्री दहाच्या सुमारास अशा घरात बसलेल्या माणसाला जे दिसते ते कोणत्याही परिसंवादापेक्षा बोलके असते. माडीवर मुलगा फोनवर कोणाला तरी अजिजीने सांगत असतो की सुट्टी असली तरी आत्ता लगेच बघतो. आणि त्याच वेळी ओसरीवर वडील मुकादमाला फोन लावून खडसावत असतात की ट्रॅक्टर फडात येऊन उभा आहे, माणसे उठव आणि गाडी भर. मुलाच्या उसंतीसाठी लोकसभेत विधेयक येते. वडिलांच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला जी झोपमोड होते तिचा उच्चार त्या विधेयकात कुठेही नाही.

ऊसतोडीची व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर असूनही तिच्याकडे आपण 'जुने, मागासलेले काही' म्हणून पाहतो, म्हणून ती जरा तपशिलात सांगायला हवी. हंगामापूर्वी मुकादम जोडप्याला 'उचल' देतो. ती उचल हंगामभर अंगावरच्या कामाने फेडायची. मोजमाप टनावर. कामाचे एकक माणूस हे नव्हेच, 'कोयता' हे आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. (माणसाची गणती हत्याराच्या नावाने करणारी आणि वर त्याचे अपूर्णांक पाडणारी ही भाषा कोणा कवीला सुचलेली नाही, हिशोबाच्या वहीतून आली आहे.) पहाटे अंधारात फडात शिरायचे, तोडायचे, पाचट काढायचे, वाढे बांधायचे, मोळ्या डोक्यावरून फळीवर चढून गाडीत रचायच्या. गाडी केव्हा येईल ते कारखान्याच्या गव्हाणीवर आणि वाहतूकदाराच्या सवडीवर. रात्री एकला आली तर एकला भरायची. एखादा दिवस काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे उलट मजुराच्याच खात्यावर चढतात.

खाडा परवडत नाही म्हणून काय काय होते हे २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अनेक कारणे आहेत, नफेखोर दवाखाने आहेत, अज्ञान आहे. पण महिन्याचे चार दिवस कामाला आणि म्हणून उचलीच्या फेडीला अडचण ठरतात, हा हिशोब त्यात आहेच. 'कर्मचाऱ्यांच्या बदलत्या अपेक्षा' या विषयावर बोलणाऱ्या पाहुण्यांनी हा आकडा एकदा फळ्यावर लिहून मग भाषण सुरू करावे, अशी माझी सूचना आहे.

आता या साऱ्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, मीही कोयत्यावरच होतो, फक्त पुढे उभा राहतो. (शब्दाचा अर्थही तोच, मुकादम म्हणजे पुढे केलेला.) बागायतदार म्हणतो, ऊस माझा, पण तोडणारा माझा कसा? मीच उलट 'खुशाली' देऊन मेटाकुटीला आलो. यांतले कोणीही पूर्ण खोटे बोलत नाही. उचल घेऊन टोळीच न आल्याने कर्जबाजारी झालेले वाहतूकदार आमच्या परिसरात आहेत, आणि खुशालीवाचून गाडी भरली जात नाही हा शेतकऱ्याचा अनुभवही खराच. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि या बोटांच्या रिंगणात मालक नावाची वस्तू अदृश्य होते. काम आहे, राबणारा आहे, नफा आहे, मालक तेवढा नाही.

माझे म्हणणे असे की कामाचे भवितव्य ज्याला म्हणतात ते हेच आहे. ते अमेरिकेहून विमानाने येत नसून बीडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कित्येक वर्षांपूर्वीच आमच्याकडे आले. शहरांत दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारा मुलगा पाहा. कंपनी त्याला 'भागीदार' म्हणते. मोजणी खेपेवर. खेप केव्हा येईल ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. खाडा केला तर मानांकन घसरते. गाडीचा हप्ता ही त्याची उचल. मुकादमाच्या जागी गणिताचे सूत्र आले आहे, आणि मुकादमाशी निदान भांडता येत होते. त्याला नवे नाव मिळाले म्हणून त्याची बातमी होते, कोयत्याला नवे नाव मिळाले नाही म्हणून तो लोकजीवनाच्या अभ्यासाचा विषय ठरतो, इतकाच फरक.

भाषेच्या विद्यार्थ्याला इथे एक गोष्ट खटकते. आपण 'रोजगार' म्हणतो तो शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ काळ, दिवस, जमाना असा आहे. 'नोकर' हा मुळात मंगोलांकडचा, सरदाराचा सोबती अशा अर्थाचा. 'पगार' आपण पोर्तुगिजांकडून घेतला. म्हणजे काळ, सोबत आणि मोबदला या तिन्ही कल्पना आपल्या कामाच्या शब्दांत कधीकाळी नांदत होत्या. आजच्या 'लवचीक' कामात मोबदला तेवढा उरला आहे, तोही तुकड्यांनी. काळाची मोजदाद सुटली आणि सोबतही सुटली. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणणाऱ्या समाजाने गेल्या तीन पिढ्या जिवाचा आटापिटा करून नोकरी मागितली ती काही तिच्या गोडीमुळे नव्हे. महिना, तारीख आणि रविवार, या तीन गोष्टी फक्त नोकरीत मिळत होत्या म्हणून.

त्या रविवारचाही इतिहास आहे आणि तो मराठी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीसाठी झगडून १० जून १८९० रोजी ती मिळवली. तेव्हाच्या मालकांनी काय म्हटले असेल याची कल्पना आज सहज करता येते, कारण त्यांचे वारस तेच बोलत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची इच्छा जाहीर झाली, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार या विनोदासह. त्यावर देशभर थट्टा झाली. मला थट्टेपेक्षा एक हिशोब महत्त्वाचा वाटतो. ज्या मोळीवालीला दिवसाचे चौदा तास फडात काढावे लागतात तिचा आठवडा सुट्टीवाचून ९८ तासांचा होतो. अध्यक्षमहाशयांची आकांक्षा आमच्या कालव्याच्या कडेला केव्हाच ओलांडली गेली आहे. तिथून राष्ट्र किती पुढे गेले हे त्यांनी कोप्यांत येऊन पाहावे.

शासन याबाबत कोणत्या बाजूला आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम, जादा तासांचा जादा मोबदला, कामगाराची लेखी संमती आवश्यक, असे सारे त्यात आहे. संमती! ठेकेदाराच्या खात्यावर सात महिन्यांसाठी लागलेल्या मुलाला संमतीच्या कागदावर सही करताना नकाराचाही रकाना दिसतो, अशी समजूत असणाऱ्या अधिकाऱ्यांचा मला हेवा वाटतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. दुसऱ्या बाजूने, मंचावरून काम करणाऱ्यांचा उल्लेख कायद्यात प्रथमच आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यावेत अशी तरतूद झाली. हे देणे मी कमी लेखत नाही. पण त्यातही मालक कोण हा प्रश्न टाळून वर्गणी घेतली आहे.

आणि शासन स्वतः मालक म्हणून कसे वागते? २००० साली 'शिक्षणसेवक' आला, म्हणजे शिक्षक तोच, शिकवणे तेच, पण तीन वर्षे मानधनावर. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपयांवर सहा महिन्यांसाठी 'प्रशिक्षणार्थी' केले. पुढे ती मुदत अकरा महिन्यांची झाली. प्रशिक्षण कशाचे, तर ग्रामपंचायतीत, शाळेत, कार्यालयात रिकाम्या पडलेल्या जागेवरचे काम करण्याचे. काम शिकून झाले की घरी.

आमच्या व्यवसायात याला 'तासिका तत्त्व' असे भारदस्त नाव आहे. तत्त्व! ज्या व्यवहारात तत्त्वाचा लवलेश नाही त्याला तत्त्व म्हणायचे ही शासकीय मराठीची खास किमया. नेट-सेट, पीएच.डी. झालेली, चाळिशी गाठलेली माणसे तासाच्या दराने ज्ञानेश्वरी आणि भाषाविज्ञान शिकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. उत्तरपत्रिका, प्रवेश, तपासणी समितीच्या फायली, हे सारे तासाबाहेरचे, म्हणून फुकट. मी ज्या एका महाविद्यालयात काही वर्षे असा शिकवत होतो तिथे जूनमधल्या तासांचे पैसे दिवाळीनंतर हातात पडत, आणि प्राचार्यांचा फोन मात्र रात्री नऊलाही येई. तो न उचलण्याचा अधिकार मला असता तरी मी तो वापरला नसता, कारण पुढच्या जूनची नेमणूक त्याच फोनवरून कळायची होती. नेमाड्यांचा चांगदेव पाटील गावोगावची कॉलेजे सोडत हिंडला, त्याच्या त्या भटकण्यावर आपण मराठीवाल्यांनी किती लिहिले! पण चांगदेव राजीनामा देऊ शकत होता. तासिकेवरच्या प्राध्यापकाने राजीनामा द्यायचा तो कशाचा?

'हल्लीच्या पोरांना कामच नको' हे वाक्य आमच्या भागात पारापासून पतसंस्थेच्या बैठकीपर्यंत ऐकू येते. पोरांना काम हवे आहे. त्यांना उचल नको आहे. महिन्याच्या कोणत्या तारखेला किती पैसे येतील, रविवार मिळेल का, बाप आजारी पडला तर दोन दिवस जाता येईल का, एवढे तीन प्रश्न मुलगा विचारतो आणि तेवढ्यावरून तो आळशी ठरतो. हे तीन प्रश्न १८९० च्या गिरणी कामगाराचेच आहेत. ज्याला नव्या पिढीच्या बदललेल्या अपेक्षा म्हणतात त्या मला तरी फारशा बदललेल्या दिसत नाहीत. देणाऱ्याने हात आखडता घेतला आणि मागणाऱ्याचा हात लांब झाल्यासारखा दिसू लागला. 'मजूर मिळत नाही' म्हणणाऱ्या बागायतदारानेही (आणि या पृष्ठाचे अनेक वाचक बागायतदारांच्या घरचे आहेत, प्रस्तुत लेखकासह) आपल्या मुलाने कंपनीत काय सहन करू नये असे आपल्याला वाटते, आणि तेच आपल्या फडात आपण कसे चालवून घेतो, हे दोन रकाने शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

मालक एक नसतो, रोज बदलतो, म्हणून काहीच करता येत नाही, असे सांगितले जाते. महाराष्ट्राने तरी हे सांगू नये. १९६९ साली याच राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. बाजारातल्या हमालाला ठराविक मालक नव्हता, सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून जो मार्ग निघाला तो असा की हमालाची नोंद मंडळाकडे, जो कोणी त्याच्याकडून काम घेईल त्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी मंडळाने पाहायचे. मालक शोधत बसण्यापेक्षा कामावरच जबाबदारी बसवली. पुढे त्या व्यवस्थेत दादागिरी शिरली, बोगस नोंदी झाल्या, हे सर्व मान्य. तरी विचार म्हणून तो अस्सल होता, आणि राजस्थानने २०२३ मध्ये व कर्नाटकाने २०२५ मध्ये मंचावरील कामगारांसाठी केलेल्या कायद्यांत मंडळ, नोंदणी आणि व्यवहारावर आकारणी हाच सांगाडा दिसतो. ज्या राज्यात तो आधी घडला तिथे ऊसतोडीला तो अजून पुरता लागू नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. कल्याण आहे, पण हजेरीपत्रक नाही.

दरम्यान आमचा ऊस मात्र फार पुढे गेला आहे. २०२४ पासून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. मातीतली ओल, हवेतली आर्द्रता, पिकावरचा ताण, सारे उपग्रह आणि संवेदक मोजतात आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप येतो की आता पाणी द्या, आता खत द्या. जगभर त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच आहे. उसाच्या मुळाशी किती पाणी आहे हे आपण तासातासाला जाणतो. तो तोडणारी बाई आज किती तास उभी आहे हे जाणण्याची गरज कोणाला भासलेली नाही. हार्वेस्टरला शासन अनुदान देते, तो येईल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या भागातली अर्ध्या-पाऊण एकराची तुकड्या-तुकड्यांची शेते पाहावीत. कोयता लवकर जात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. करार तीन हंगामांचा, २०२५-२६ हा त्यातला शेवटचा. पुढच्या बोलण्यांत टनाच्या दराबरोबर तासांचेही एक कलम यावे, रात्री दहानंतर गाडी भरायची नाही आणि आठवड्यातून एक दिवस बिनखाड्याचा, इतके साधे. त्याला पहिला विरोध आमच्याच गावांतून होईल, आणि कारणही पटण्यासारखे दिले जाईल. तोडलेला ऊस रात्रभर फडात पडला की वजन घटते, साखर उतरते. खरे आहे. ती घट आजवर बाईच्या झोपेतून वळती होत आली. पुढे ती कारखाना, वाहतूकदार आणि बागायतदार यांनी कोणत्या प्रमाणात सोसायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो टनाला किती रुपये असा मांडता येतो. एका रात्रीत किती घट होते हे मोजून देणारे केंद्र शारदानगरला, हाकेच्या अंतरावर आहे.